मामांच्या अंबाड्यावरचं झाड

माझ्या मामांच्या डोक्यावर एकदा झाड फुललं होतं. हसू नका. मी शेजारीच उभा होतो, नऊवारी लुगड्यात, दासीच्या वेषात, आणि त्या झाडाचा तोल जाऊ नये म्हणून माझा एक हात मामांच्या मानेमागे तयार होता. झाडाला माती नव्हती, पाणी नव्हतं, नावाला एक पान नव्हतं. होती ती नुसती फुलं. हे कसं झालं ते मला तेव्हा कळलं नाही. पुढं बरीच शिकलेली माणसं भेटली, त्यांनी बैठक मारून समजावून सांगितलं, आणि जे थोडंफार कळल्यासारखं वाटत होतं तेही गेलं.

लढाईचे दिवस होते. गावातली निम्मी तरणी पोरं पलटणीत, रॉकेल मिळायची मारामार, आणि मी मॅट्रिक होऊन कृष्णाकाठी मामांच्या गावात गुऱ्हाळावर चिपाडं सारत बसलेलो. मामा म्हणजे गावातले नावाजलेले ऊसवाले. सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. दिवसभर मोट, पाट, सरी आणि खत. ह्या माणसाला पिकाच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय चैन पडायचं नाही. आणि हेच मामा मार्गशीर्षात तालमी लागल्या की मिशी उतरवून टाकायचे आणि फाल्गुनातल्या जत्रेला लुगडं नेसून राजकन्या व्हायचे. केसही स्वतःचे, खांद्याखाली रुळणारे. एरवी ते पटक्यात कोंबलेले असत, जत्रेला त्यांचा अंबाडा होई.

नाटक आमच्या शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरांनी लिहिलेलं. दर वर्षी तेच. रानातल्या राजाची मुलगी पकडून दरबारात आणतात, महाराज तिला विचारतात, तुझ्यापाशी काय आहे? ती अंबाड्याकडे बोट करून म्हणते, "महाराज, हे माझं रान." एवढ्या वाक्यावर बाया डोळे पुसायच्या. मामा मात्र त्या वाक्याला मान अशी काही उडवायचे की आरती ओवाळताना ताट फिरावं. मामांचा सगळा अभिनय मानेत होता. मास्तर तालमीत ओरडून ओरडून दमायचे, "मान! अहो, मान! काही करू नका, नुसते उभे राहा!" पण नुसतं उभं राहणं मामांच्या रक्तातच नव्हतं.

त्या वर्षी, मार्गशीर्षात, पहिल्याच तालमीला घोटाळा झाला. रॉकेल नाही म्हणून तालमी दुपारी, देवळापुढच्या पारावर. पाटलांचा पुतण्या सांगलीला कॉलेजात होता, तो सुट्टीला आलेला. गोरा, लवलवता, कमरेत चवळीच्या शेंगेसारखा. सांगलीहून गंगावन आणि कागदी फुलं घेऊन आला होता. राजकन्या आपणच व्हायचं हे त्याच्या मनात होतं, आणि निम्म्या गावाच्याही. मामांनी नेहमीप्रमाणे अंबाड्यात झेंडू खोवला आणि "हे माझं रान" म्हणत मान उडवली. पुतण्या गालातल्या गालात हसत म्हणाला,

"आवं मामा, झेंडू रानात कवापासनं उगवायला लागला?"

पारावरची सगळी पोरं फिदीफिदी हसली. मास्तरसुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसले, कारण झेंडू मळ्यातला, रानातला नव्हे, हे इतक्या वर्षांत त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मामा लालभडक झाले. झेंडू काढून त्यांनी पारावर आपटला. "खरी रानातली वेणी आणीन! कोयनेकडं झाडाला लटकतीया, ल्हानपणी बघितलीया म्या. सीतेची वेणी म्हणत्यात. ती डोक्यात घालून उभा ऱ्हाईन. न्हाई आणली तर ह्या जत्रंला मिशी ठीवतो!"

मिशी ठेवतो म्हणजे राजकन्या सोडली. मामांनी तिथंच वस्तरा सोडला. वेणी येईपर्यंत मिशीला हात लावायचा नाही.

तर वेणीच्या शोधात आम्ही दोघं कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून खोकत खोकत पाटणकडं गेलो. तिथून पायी, कोयनेच्या अंगाला, मामांच्या साडूच्या वाडीवर. साडू म्हणजे बारीक अंगाचा, सारखा सुपारी कातरणारा माणूस. मामांनी पाणी प्यायच्या आधी विषय काढला.

"पाव्हणं, ती लांब गुलाबी वेणी पायजे."

"ती आता कुठली? ती वळवाच्या टायमाला."

"आमची जत्रा फागणात हाय."

"मग वेणीला कळवा की तसं."

शेवटी तो आम्हाला रानात घेऊन गेला, आणि माझा गोंधळ तिथून सुरू झाला. एका जुन्या जांभळाकडे बोट करून तो म्हणाला, "ह्ये बघा." मी बघितलं तर झाडावर दुसरीच झाडं बसलेली. बसलेली म्हणजे खरोखर बसलेली, जशी माणसं पारावर बसतात. एकाची पानं जाड, चामड्याच्या पट्ट्यांसारखी, दोन्ही बाजूंना ओळीनं. आणि खाली मुळं चक्क हवेत लोंबत होती, पांढरी, टोकाला हिरवी, कुणीतरी सुतळ्या वाळत घातल्यासारखी. वरच्या फांदीवर दुसरा झुबका होता, त्याला पान म्हणून नव्हतं. बोटभर जाडीच्या पेरापेराच्या वाळक्या काटक्या, बस्स. हे जिवंत आहे की मेलेलं, हे मला कळेना.

"मेलंय न्हवं ह्ये?" मी विचारलं.

"न्हाई. पाऊस गेला की पानं टाकतंय."

"आन जमिनीतलं काय न्हाई का?" मामांनी विचारलं. त्यांना जमिनीतलं काहीही चाललं असतं.

"हाय की. श्रावणात कातळावरच्या मातीत पांढरी फुलं येत्यात, पाखरागत. आता खाली कांदा निजलाय. कुठं निजलाय ते मलाबी म्हाईत न्हाई."

"ह्या दोन्हीतली वेणी कुठली?"

"फुलल्यावर कळतं," साडू म्हणाला. खरं म्हणजे त्याला माहीत असावं, पण सुपारी तोंडात होती आणि मामांना छळण्यात त्याला रस होता.

त्यानं सालीच्या ढलप्यासकट दोन्ही झुबके उतरवले आणि पोत्यात घातले. मामांचे प्रश्न संपेनात. पाणी किती? नाही घालायचं. शेणखत? साडू हसायला लागला. "पाव्हणं, फांदीवर चढून खत घालताना कुणाला बघितलंय का तुमी? झाडाला बांधा, धरून ऱ्हाईल. त्ये झाडाचं काय खात न्हाई. नुसतं बसतंय."

"मग आमी करायचं काय?"

"काय न्हाई करायचं."

परतीच्या वाटेवर मोटार उंब्रजच्या पुढं आल्यावर मामा माझ्या कानाशी लागले. "लपवतोय. आमचा साडू पहिल्यापासनं आतल्या गाठीचा. काय न्हाई करायचं म्हणं! करायचं न्हाई आन येतंय, असं पीक हाय का जगात?"

घरी आल्यावर मामांनी पोतं अंगणात ओतलं आणि ऊसवाल्याच्या नजरेनं माल बघितला. पानवाला झुबका त्यांनी रॉकेलच्या रिकाम्या डब्यात लावला. खाली कुजलेलं शेणखत, वर नदीकाठच्या मळीची माती, सकाळ-संध्याकाळ पाणी. मग त्यांनी काटक्यांचा झुबका हातात घेतला. फिरवून फिरवून बघितला. आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आरं, ह्यो तर ऊसच हाय!"

मी बघितलं. तुम्हाला खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. पेर होतं, पेरावर गाठ होती, गाठीला डोळ्यासारखा बारीक कोंब होता. फक्त सगळं लहान, जणू उंदरांनी लावलेला ऊस. आणि मामांच्या मळ्यात त्याच आठवड्यात सुरू उसाची, म्हणजे थंडीत लावायच्या उसाची, लागण चालली होती. मामांनी विळा घेतला, एकेका काटकीची दोन-दोन डोळ्यांची टिपरी तोडली, डोळे बाजूला येतील असं बघून सरीत आडवी दाबली आणि पाटाचं पाणी सोडलं. शेजारच्या सरीत खरा ऊस, ह्या सरीत कोयनेचा ऊस. ढलपीला चार वाळकी थोटकं उरली होती. त्यांना धड डोळे नव्हते, म्हणून मामांनी ती ढलपीसकट उकिरड्यावर टाकली.

माझी मामी जतकडची, कानडी मुलखाच्या सीमेवरची. तिकडं घागरभर पाण्यासाठी बायांची कोसभर पायपीट. ती कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती.

"अव्वा! आमच्याकडं माणसाला प्यायला पाणी न्हाई, आन तुमी काटक्यांना पाजताय व्हय?"

"तुला शेतीतलं काय कळतंय?"

"शेतीतलं न्हाई कळत. पर साडूनं न्हाई म्हणून सांगितलंय त्ये कळतंय."

"त्यो लपवतोय!"

मामांनी कोयनेच्या उसाची इतकी सेवा केली की खऱ्या उसाला हेवा वाटला असता. खुरपणी केली, मुंग्या मारल्या, पहाटे उठून सरीतली ओल बोटानं बघितली. इकडं डब्यातल्या पानवालीची पानं बुडापासून पिवळी पडली, मग काळी, मग एके दिवशी हात लावताच सगळा झुबका मामांच्या हातात आला आणि खालून कुजक्या कांद्याचा वास सुटला. मामांनी धावत जाऊन सरी उकरली. टिपऱ्यांचा चिखल झाला होता.

मामा सरीच्या बांधावर बसून राहिले. तोवर मिशी चांगली काळीभोर धरली होती, आणि ते नकळत तिच्यावरून उलटं बोट फिरवत होते. मला फार वाईट वाटलं. लोकांना ती गंमत होती, पण त्या माणसाला वर्षभरात स्वतःचं असं एवढंच होतं. ऊस सावकाराचा, गूळ अडत्याचा, मळा चुलत्यांच्या वाटणीतला. राजकन्या मात्र मामांची होती.

"मामा, दुसरी आणू या की," मी म्हणालो.

"फुलल्यावर कळतं म्हणाला," मामा म्हणाले. "आता मेल्यावरबी कळलं न्हाई वेणी कंची हुती ती."

मामीनं ह्या सगळ्याचा अर्थ एकच लावला. पुतण्याच्या आईची नजर लागली. ती उकिरड्यावर गेली, ती ढलपी उचलून आणली. चार वाळक्या काटक्या वर आलेलं ते भेसूर लाकूड तिला नजर काढायला पसंत पडलं. गुऱ्हाळासमोरच्या शेवग्याला तिनं ते काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलं, शेजारी एक काळी बाहुली लटकवली आणि विसरून गेली. सगळेच विसरलो. गुळाच्या काहिलीची वाफ त्याला लागायची, सकाळी नदीवरचं धुकं लागायचं, दुपारी ऊन. पाण्याचा थेंब कुणी घातला नाही.

जत्रा तोंडावर आली आणि एका सकाळी मी चुलवाणात चिपाडं सारताना वर बघितलं. शेवग्याला पांढरं काहीतरी दिसत होतं. शेवग्याचाच फुलोरा असेल म्हणून मी परत मान खाली घातली. पण हा पांढरा वेगळा होता. जवळ गेलो. त्या वाळक्या काटक्यांच्या शेंड्यांवर फुलांचे घोस आले होते. पांढरी फुलं, आत किंचित गुलाबी झाक, एकेक फूल बारीक देठावर, उडायच्या बेतात असल्यासारखं. पान एकही नाही. काटकी तशीच वाळकी.

मी ओरडलो. मामी धावत आली आणि तिनं माझाच कान धरला.

"मामाची थट्टा करतोस? कुठनं आणून खोवलीस?"

"मामी, शप्पथ! ओढून बघा!"

तिनं बघितलं. मामांनी बघितलं. त्यांनी काटकीला नख लावलं, फुलाला हुंगलं, मग काटकीलाच हुंगलं. मग गाव जमलं आणि ज्याला त्याला कारण सापडलं. गुळव्या म्हणाला, माझ्या काहिलीच्या वाफेनं. मामी म्हणाली, नजर उलटली. मास्तर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बांडगूळ आहे हे. काढून टाका, शेवगा खाईल." मग मामांनी एक मूळ अलगद उचलून बघितलं. ते शेवग्याच्या सालीवर नुसतं टेकलं होतं, आत कुठं शिरलं नव्हतं. मास्तरांनी पुन्हा चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग काय खातं हे?"

"पर ही वेणी न्हाई," मामा एकदम खचून म्हणाले. "वेणी लांब असती. गुलाबी."

"रानातलं हाय न्हवं?" मामी म्हणाली. "बास."

मामांनी एक फूल तोडायला हात पुढं केला. मामीनं त्या हातावर चापट मारली. "आज तालीम, परवा जत्रा. आता तोडलंसा तर परवा काय घालणार? काटक्या?"

मामांनी विचार केला. फुलांकडं बघितलं, काटक्यांकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत तेच तेज आलं जे उसाची टिपरी तोडताना आलं होतं. मला धडकी भरली.

"साडू काय म्हणाला? झाडाला बांधा, धरून ऱ्हातंय. नुसतं बसतंय म्हणाला न्हवं?" त्यांनी पटका सोडला. केस खांद्यावर पडले. "मग मी बी झाडच हाय. बांध!"

आणि मामीनं खरंच बांधलं. मामांना लुगडं नेसवलं, अंबाडा घातला, त्यावर ती ढलपी ठेवली आणि काळ्या दोऱ्यानं आवळली. ढलपी चांगली अर्धा शेर भरली असती. मामा उठले तेव्हा ती डावीकडं कलली, मामांनी मान ताठ केली, ती सरळ झाली. देवळापर्यंतचा रस्ता ते डोक्यावर भरली घागर असल्यासारखे चालले. मागे मी, दासी, हात पुढं करून. मागे गाव.

पारावर पुतण्या कागदी फुलं लावून तयार बसला होता. त्यानं मामांकडं बघितलं. डोक्यावर फुललेलं लाकूड, खाली भरघोस मिशी, त्याखाली लुगडं. तो हसायला लागला आणि अर्ध्यात थांबला, कारण त्याला कशाला हसावं ते ठरवता येईना.

"ही वेणी कुठं हाय, मामा? तुमी वेणी म्हणाला हुता."

"वेणीच हाय," मामी मागून म्हणाली. "तू रानात गेलायस कवा?"

मास्तरांनी हात वर केला. महाराजांनी विचारलं, तुझ्यापाशी काय आहे? मामा उभे राहिले. नेहमीच्या सवयीनं मान उडवायला गेले, ढलपी हलली, आणि ते जागच्या जागी थिजले. मान हलवता येईना. हात वर नेता येईना, धक्का लागला असता. डोळेसुद्धा ते जपून फिरवत होते. सगळा अभिनय गेला. उरला एक मोठा, ताठ, घाबरलेला माणूस, ज्याला डोक्यावरचं काहीतरी सांभाळायचं होतं. आणि हलक्या आवाजात, ओठसुद्धा फारसे न हलवता, ते म्हणाले,

"महाराज, हे माझं रान."

माझ्या अंगावर काटा आला. मिशीवाल्या राजकन्येकडे बघून कुणाच्या अंगावर काटा येतो? पण आला. पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. मास्तर इतकी वर्षं ज्याच्यासाठी घसा फोडत होते ते समोर उभं होतं. त्यांनी पुतण्याकडं बघितलं.

पुतण्यानं डोक्यावरची कागदी फुलं काढली. "फूल कंचं हाय त्ये मला कळत न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "पर मान हलली न्हाई."

मास्तर उठले, घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "न्हाव्याला बोलवा."

मामा हलले नाहीत. हलताच येत नव्हतं. नुसते डोळे भरून आले आणि पाणी त्या मिशीत उतरलं.

जत्रेला नाटक उन्हातच झालं, आणि तालमीत झालं तसंच झालं. मग ढलपी परत शेवग्यावर गेली. फुलं गळली, काटक्या सुकल्या, सगळ्यांनी म्हटलं की आता संपलं. पावसाळ्यात बुडातून हिरवे कोंब आले, त्यांना पानं आली. आता चांगलं धरलं म्हणून आम्ही खुश झालो, तर दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळाली. पुन्हा काटक्या. ह्या झाडाबद्दल आनंद कधी करायचा आणि सुतक कधी पाळायचं, हे मला कधी जमलं नाही. पुढं कुणीतरी सांगितलं की ह्यांना आमरी म्हणतात, इंग्रजीत ऑर्किड, आणि आपल्याकडं त्यांच्या किती तरी जाती आहेत. म्हणजे गोंधळ एकट्या आमच्या गावाचा नव्हता, हाच काय तो दिलासा. मामा मात्र शिकले. कधी कधी तांब्याभर पाणी घेऊन ते शेवग्याखाली जाऊन उभे राहायचे, वर बघायचे, आणि ते पाणी स्वतःच पिऊन परत यायचे.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात मामांनी आपणहून वस्तरा हाती घेतला नाही. "एकदा उभा ऱ्हायलो, बास झालं," म्हणाले. पुतण्याला घरी बोलावून शेवगा दाखवला. "जड हाय. मान हलवू नगंस." पुतण्या गावात असला की रोज सकाळी येऊन काटक्यांकडं बघायचा. मामा त्याला सांगायचे, काय करू नगंस. आणि झाडानं त्या वर्षी खरोखरच काही केलं नाही. जत्रा आली, काटक्या वाळक्याच. जत्रा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी मात्र ते पांढरंशुभ्र फुलून बसलं. का, ते मला विचारू नका.

तेव्हा त्या जत्रेला पुतण्याला शेवटी झेंडूच खोवावा लागला. तो पारावर आला, "हे माझं रान" म्हणाला, आणि पहिल्या ओळीत, भरदार मिशीला पीळ देत बसलेल्या मामांनी साऱ्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं,

"आरं गड्या, झेंडू रानात कवापासनं उगवायला लागला?"